कलासंग्रहालयाचे सभासदत्व : तुम्ही त्यातल्या कोणत्या सवलती खरोखर वापरता?

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

कलासंग्रहालयाचे वार्षिक सभासदत्व मी पहिल्यांदा घेतले ते शुद्ध हिशेबाने. तिकीटखिडकीपाशी उभ्या उभ्या मनात भागाकार केला, वर्षातून तीन खेपा झाल्या की पैसे वसूल होतात असे उत्तर आले आणि मी अर्ज भरून टाकला. पहिले वर्षभर त्या कार्डाचा उपयोगही मी तिकिटासारखाच केला. सकाळी दार उघडताच आत शिरायचे, एकही दालन सुटता कामा नये अशा जिद्दीने तळमजल्यापासून वरपर्यंत चालायचे, आणि शेवटच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत भिंतीवरच्या चित्रांपेक्षा मधल्या बाकाकडे अधिक आशेने पाहायचे. या थकव्याला ‘म्यूझियम फटीग’ असे रीतसर नाव आहे आणि बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली त्यावर एक लेखच लिहिला होता, हे मला पुष्कळ नंतर कळले. लेखासोबत त्यांनी छायाचित्रेही दिली होती. काचेच्या कपाटातली वस्तू नीट दिसावी म्हणून एक गृहस्थ त्यात कुठे कमरेत वाकलेले आहेत, तर कुठे पार खाली झुकलेले. माझी अवस्था त्या गृहस्थांहून फारशी वेगळी नव्हती.

पुढे बदल झाला तो अपघातानेच. दोन कामांच्या मध्ये पाऊण तास मोकळा मिळाला, संग्रहालय वाटेवर होते आणि कार्ड खिशात होते. मी आत गेलो, एका चित्रासमोर वीस मिनिटे बसलो आणि बाहेर पडलो. तिकीट काढून गेलो असतो, तर वीस मिनिटांत बाहेर पडायला मन धजलेच नसते. सभासदत्वातली सर्वांत मोठी सवलत हीच आहे, असे माझे आता मत झाले आहे, आणि गंमत म्हणजे कोणत्याही माहितीपत्रकात ती छापलेली नसते. तिथे पूर्वदर्शन (म्हणजे प्रदर्शन सर्वांना खुले होण्याआधी पाहण्याची संधी), विक्रीदालनातली सूट, सभासदांची बैठकीची खोली, पाहुण्याला मोफत प्रवेश अशीच यादी असते.

त्या यादीतले तुम्ही खरोखर काय वापरता आणि काय नुसतेच कार्डावर राहते, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.

हिशेबी_माणूस

धागाकर्त्यांच्या भावनेचा आदर राखून मी भागाकाराची बाजू घेतो, कारण तो बहुतेकांचा चुकतो. सभासदत्वाच्या रकमेला प्रवेशशुल्काने भागण्याआधी त्या संग्रहालयात प्रवेशशुल्क नेमके कशाला लागते, हे पाहिले पाहिजे. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमस्वरूपी संग्रह डिसेंबर २००१ पासून सर्वांना विनाशुल्क पाहता येतो. तिथे सभासद होणारा माणूस दारातून आत जाण्याचे पैसे देत नाही, तर शुल्क असलेल्या खास प्रदर्शनांचे देतो. ब्रिटिश म्यूझियम काय किंवा टेट हे कलादालन काय, सभासदाला ही प्रदर्शने वाटेल तितक्या वेळा पाहता येतात आणि सारा हिशेब तिथेच आहे. याउलट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पूर्वी प्रत्येकाने मनाला येईल ती रक्कम देऊन आत जावे अशी सोय होती. मार्च २०१८ पासून बाहेरगावच्या प्रौढ पाहुण्यांना ठरावीक शुल्क लागू झाले, म्हणजे त्यांच्यासाठी सभासदत्वाचा अर्थ एका दिवसात बदलला.

म्हणून माझा साधा नियम असा आहे की, येत्या वर्षात त्या संग्रहालयात कोणती प्रदर्शने येणार आहेत ते आधी पाहावे. त्यातली दोन जरी दोनदा पाहावीशी वाटत असली, तरच कार्ड घ्यावे. ‘कधीतरी जाऊ’ या भरवशावर घेतलेले कार्ड व्यायामशाळेच्या वर्गणीच्या वाटेने जाते.

कागदवेडी

हिशेबी_माणूस यांचा नियम तैलचित्रांपुरता ठीक आहे, पण ज्यांना कागदावरची कामे आवडतात त्यांच्यासाठी गणित निराळे आहे. जलरंग, रेखाटने, मुद्राचित्रे आणि जुनी वस्त्रे उजेडाने फिकी पडतात आणि एकदा गेलेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्यामुळे अशा कामांवर साधारण ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) एवढ्यापेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत (या दालनांत शिरल्यावर वीज गेली की काय असे वाटते, ते यामुळेच) आणि तेवढ्या मंद उजेडातही काही महिन्यांनी चित्रे उतरवून पुन्हा अंधारात ठेवतात. होकुसाई या जपानी चित्रकाराची प्रसिद्ध लाट, तीही कागदावरचीच, पाहायची म्हणून माणसे फार दुरून येतात आणि ती सध्या कपाटात आहे असे ऐकून हिरमुसतात. संग्रहालयाकडे चित्र असणे आणि ते भिंतीवर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातले माझे सर्वांत आवडते उदाहरण टर्नर या इंग्लिश चित्रकाराच्या जलरंगांचे आहे. हेन्री वॉन नावाच्या संग्राहकाने मृत्युपत्राने टर्नरची ३८ जलरंगचित्रे एडिंबराच्या आणि ३१ डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाला दिली. १९०० साली ती तिथे पोहोचली. ती फक्त जानेवारीत, म्हणजे उजेड सर्वांत क्षीण असतो तेव्हाच, सर्वांना विनामूल्य दाखवावीत अशी अट त्याने घातली होती. ती अट आजही पाळली जाते. २०२५ साली टर्नरच्या जन्माला २५० वर्षे झाली, त्या निमित्ताने दोन्ही शहरांनी जानेवारीत आपापला संच एकमेकांना दाखवायला दिला, तेव्हा सव्वाशे वर्षांत पहिल्यांदाच या चित्रांची अदलाबदल झाली.

आता तुम्ही म्हणाल की, विनामूल्य आहे तर मग सभासदत्वाचा संबंध काय? संबंध एवढाच की, कागदाचे दालन दर तीन-चार महिन्यांनी नवे होते आणि ते कधी बदलले याचा बाहेर फारसा गाजावाजा होत नाही. सभासदांना येणाऱ्या पत्रकात मात्र त्याची एक ओळ असते. मी कार्ड घेतल्यापासून त्या एका ओळीची वाट पाहते, आणि विक्रीदालनातल्या सवलतीचा उपयोग मी आजवर दोन पेन्सिलींपलीकडे केलेला नाही.

नवखा_प्रेक्षक

प्रश्न भाबडा वाटेल, तरी विचारतो. एका चित्रासमोर वीस मिनिटे बसून माणूस नेमके काय करतो? मी प्रामाणिक प्रयत्न केला आहे. दुसऱ्या मिनिटाला मी शेजारची पाटी वाचत होतो आणि चौथ्या मिनिटाला मोबाइल.

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

नवखा_प्रेक्षक, तुम्ही एकटे नाही आहात. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात संशोधकांनी लपूनछपून घड्याळ लावून पाहिले होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत एका कलाकृतीसमोर प्रेक्षक सरासरी सुमारे २७ सेकंद थांबतो, असे दिसले, आणि पाटी वाचण्याचा वेळही त्यातच धरलेला होता. तुमचे दुसरे मिनिट त्या मानाने कौतुकास्पदच म्हणायला हवे.

मी काय करतो ते सांगतो. माझे चित्र फार मोठे नाही. सतराव्या शतकातले डच स्थिरचित्र आहे, चौकटीसकट दोन हातांत मावेल एवढे. काळपट पार्श्वभूमीवर एक जस्ती रंगाची ताटली, तिच्या काठावरून अर्धवट सोललेल्या लिंबाची साल वळसे घेत खाली लोंबते आहे आणि मागे हिरवट काचेचा पेला आहे. पहिल्या दिवशी मी लिंबाखेरीज काही पाहिले नाही. दुसऱ्या खेपेला पेल्याच्या फुगीर काचेवर एक वाकडा चौकोन चमकताना दिसला आणि ती चित्रकाराच्या खोलीची खिडकी आहे, हे लक्षात आल्यावर मी अक्षरशः मागे वळून पाहिले, कारण त्या हिशेबाने खिडकी माझ्या डाव्या खांद्यामागे असायला हवी होती. पुढे कधीतरी ताटलीच्या काठाशेजारी तिच्यासारखीच दुसरी पुसट कड दिसली. चित्रकाराने ताटली आधी थोडी उजवीकडे काढली होती आणि नंतर ती सरकवून जुनी कड रंगाखाली बुजवली होती. तैलरंग जसजसा जुना होतो तसतसा तो थोडा पारदर्शक होत जातो, त्यामुळे चित्रकाराने लपवलेली चूक तीन-साडेतीनशे वर्षांनी अशी वर येते.

यातले काहीही मी वीस मिनिटे डोळे ताणून शोधलेले नाही. चार-पाच वेगवेगळ्या दिवशी ते आपणहून दिसले. एकाच दिवशी सलग दोन तास बसलो असतो तर यातले निम्मेही दिसले नसते, अशी माझी खात्री आहे. तेव्हा वीस मिनिटांचा आग्रह सोडा. सात मिनिटे बसा, कंटाळा आला की उठा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच चित्रासमोर जा.

पहाटपाहुणा

वेळेच्या सवलतीबद्दल कुणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. काही संग्रहालये सभासदांना सर्वसामान्य प्रेक्षकांच्या आधी आत सोडतात. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टची अशी सकाळ प्रसिद्ध आहे. या तासाचे महत्त्व शांततेपेक्षाही अंतरासाठी आहे. मोठे चित्र नीट पाहायचे तर आठ-दहा पावले मागे जावे लागते, आणि दुपारी अकरानंतर तुम्ही आठ पावले मागे गेलात की त्या रिकाम्या जागेत बारा माणसे येऊन उभी राहतात.

जिथे नैसर्गिक उजेड आत घेतला आहे, तिथे तर निरनिराळ्या वेळी जाण्यासारखे सुख नाही. पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात मोने या चित्रकाराची कमळे दोन लंबगोल दालनांत आठ विशाल पटांवर मांडलेली आहेत आणि वरून दिवसाचा उजेड झिरपत येतो. मोने १९२६ च्या डिसेंबरात वारला आणि ही दालने १९२७ च्या मे महिन्यात उघडली, म्हणजे त्याने आखलेली ही मांडणी त्याला स्वतःला प्रेक्षकांसह पाहायला मिळाली नाही. ढग आला की तिथले जांभळे रंग राखाडीकडे झुकतात आणि ऊन पडले की पुन्हा सावरतात. एका खेपेत यातला एकच प्रकार पाहायला मिळतो.

पूर्वदर्शनाविषयी मात्र सावध करतो. ‘फक्त सभासदांसाठी’ असलेला तो दिवस हा प्रदर्शनाच्या सर्वांत गजबजलेल्या दिवसांपैकी एक असतो, कारण सर्व सभासद त्याच दिवशी येतात. त्याऐवजी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी बंद होण्याआधीचा शेवटचा तास धरावा.

रांगेतला_शेवटचा

सभासदांना रांग नाही, या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही. एका मोठ्या संग्रहालयाचे कार्ड घेऊन मी प्रदर्शनाच्या दारापर्यंत गेलो आणि तिथल्या बाईंनी अत्यंत सौजन्याने मला सांगितले की, सभासदाला तिकीट लागत नसले तरी वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि आजच्या सर्व वेळा भरल्या आहेत. ती अट कार्डासोबत आलेल्या पत्रकात होती. ती मी वाचली नव्हती, हे मान्य करतो, पण ज्या टंकात छापली होती त्या टंकाला वाचनीय म्हणणेही धाडसाचेच ठरेल.

पुढे कळले की हे सर्वत्र चालते. नेदरलँड्समध्ये ‘म्यूझियमकार्ट’ नावाचे एकच कार्ड सुमारे ५०० संग्रहालयांत चालते, पण व्हॅन गॉग संग्रहालयात जायचे असेल तर कार्डधारकालाही आधी वेळ घ्यावीच लागते. २०२३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये व्हर्मीर या डच चित्रकाराचे प्रदर्शन झाले, त्याच्या मानल्या जाणाऱ्या ३७ चित्रांपैकी २८ तिथे एकत्र आली होती आणि प्रदर्शन सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच तिकिटे संपली. अशा वेळी कार्डाने पैसे वाचतात, जागा वाढत नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे आपोआप होणारे नूतनीकरण. मुदत संपण्याची तारीख मोबाइलमध्ये महिनाभर आधीची टाकून ठेवा. याहून अधिक लिहिले तर माझा सूर बिघडेल.

दोन_पिल्लांची_आई

आमच्या घरी कार्ड घेण्याचे कारण एकच आहे आणि ते म्हणजे चाळीस मिनिटे. माझ्या मुलांचा संग्रहालयातला उत्साह बरोबर तेवढा टिकतो. तिकीट काढून जायचो तेव्हा चाळिसाव्या मिनिटानंतरचे प्रत्येक मिनिट आम्ही चौघेही भोगत असू, कारण पैसे दिले आहेत म्हणून बघितलेच पाहिजे असे मीच त्यांना बजावत असे. आता एका खेपेला एक दालन आणि एकच काम ठरवतो. गेल्या वेळी थोरलीने एका दालनातली कुत्री मोजली. तिने सात मोजली, मी सहा. सातवे टेबलाखालच्या काळोखात होते आणि त्याचे फक्त डोळे रंगवले होते. मी त्या चित्रासमोरून निदान दहा वेळा गेले असेन.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. चित्रे काढू द्यायची असतील तर शिसपेन्सिलच न्या. शाईचे पेन बऱ्याच ठिकाणी दालनात वापरू देत नाहीत. कौटुंबिक सभासदत्व घेताना मुले किती आणि कोणत्या वयापर्यंतची, शिवाय आजी-आजोबांनी एकट्याने मुलांना नेले तर चालते का, हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे ते चालत नव्हते आणि आजोबांना दारातून परत यावे लागले.

जुनी_पाटी

वर सारी चर्चा आपल्याला काय मिळते याची झाली. दुसऱ्या बाजूचेही थोडे सांगतो. चित्राशेजारच्या पाटीवर सर्वांत खाली, सर्वांत बारीक अक्षरांत एक ओळ असते, ती मी हल्ली आधी वाचतो. चित्र संग्रहालयात कुणाकडून आणि कधी आले, ते त्या ओळीत असते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या मित्रमंडळाची स्थापना १८९७ साली झाली आणि त्याच्या सभासदांच्या वर्गणीतून संग्रहालयासाठी चित्रे घेतली जाऊ लागली. पंधराव्या शतकातला ‘आव्हिन्योंचा पिएता’, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मातेचे ते सोनेरी पार्श्वभूमीचे विलक्षण चित्र, या मंडळाने १९०५ साली लूव्रला दिले. अँग्र या फ्रेंच चित्रकाराचे ‘तुर्की स्नानगृह’ १९११ साली आले, तेही याच मंडळाच्या देणगीतून. लंडनमध्ये १९०३ साली अशाच हेतूने एक निधी स्थापन झाला आणि तीन वर्षांनी वेलास्केथ या स्पॅनिश चित्रकाराची आरशात पाहणारी व्हीनस त्याने नॅशनल गॅलरीला मिळवून दिली.

ही मंडळी आपल्यासारखीच वर्गणी भरणारी होती. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत आणि पाटीवर फक्त ‘मित्रमंडळाकडून’ एवढेच असते.

हिशेबी_माणूस

जुनी_पाटी यांची माहिती सुंदर आहे, पण भाबडेपणा नको. आज मी भरतो त्या वर्गणीतून पिएता विकत घेतला जात नाही. तिच्यातून पहारेकऱ्यांचा पगार निघतो, दालनातल्या हवेतला ओलावा सारखा राखणाऱ्या यंत्रांचे वीजबिल निघते आणि काही भाग मला पुन्हा वर्गणी भरायला सांगणाऱ्या पत्रांवर खर्च होतो.

जुनी_पाटी

तक्रार कशाची आहे ते समजले नाही. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की लाकडी फळीवरचे चित्र फुगते, आकसते आणि रंगाला तडे जातात. पिएताही लाकडावरच रंगवलेला आहे. विकत घेणाऱ्यांनी एकदा पैसे दिले, पण ते टिकवण्याचे पैसे रोज द्यावे लागतात. तुमच्या वर्गणीतून वीजबिल निघत असेल, तर मला ते अभिमानाचेच वाटते. पत्रांबद्दल मात्र पूर्ण सहमत.

भटकी_नजर

परस्पर सवलतीचा उल्लेख राहिला म्हणून लिहिते. उत्तर अमेरिकेत ‘नार्म’ या नावाने ओळखली जाणारी एक व्यवस्था आहे आणि तिच्यात हजाराहून अधिक संग्रहालये, बागा आणि ऐतिहासिक वास्तू सामील आहेत. एखाद्या लहानशा संग्रहालयाचे ठरावीक पातळीवरचे सभासदत्व घेतले की त्या कार्डावर इतर ठिकाणीही प्रवेश मिळतो. फिरस्त्या माणसाने मोठ्या संग्रहालयाचे साधे कार्ड घेण्याऐवजी लहान संग्रहालयाचे वरच्या पातळीचे कार्ड घ्यावे, असे मी सुचवेन, कारण त्या लहान संस्थेलाही त्या पैशांची अधिक गरज असते. अट अशी की, काही ठिकाणी ठरावीक अंतराच्या आतल्या संग्रहालयांत ही सवलत चालत नाही आणि खास प्रदर्शने तिच्यात बहुधा धरलेली नसतात. निघण्यापूर्वी फोन करावा.

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

धागा वर आणण्याचे कारण घडले आहे. आज गेलो, तर लिंबाचे चित्र जागेवर नव्हते. भिंतीवर दोन खिळे आणि पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी होती. चित्र संवर्धनासाठी हलवले आहे, असे तिच्यावर लिहिले होते. कधी परत येणार, ते लिहिलेले नव्हते. पहाऱ्यावरच्या गृहस्थांना विचारले, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिले आणि “लिंबूवाले ना?” असे म्हणाले. ते चित्र मी पाहतो हे त्यांना ठाऊक असेल, असे मला कधी वाटले नव्हते. त्यांच्या मते वर्ष तरी लागेल, कारण वरचे पिवळे पडलेले जुने वार्निश काढणार आहेत. म्हणजे लिंबाचा पिवळा रंग किती चित्रकाराचा आणि किती वार्निशाचा, हे आता कळेल.

वीस मिनिटे हातात होतीच, म्हणून शेजारच्या चित्रासमोर बसलो. बर्फात गोठलेली नदी आहे आणि तिच्यावर माणसे घसरत चालली आहेत. ते चित्र गेली तीन वर्षे माझ्या उजव्या कोपरापाशी होते आणि ते कुणाचे आहे, हेही मला पाटी वाचून कळले.

हिशेबी_माणूस

तुमचे कार्ड कधी संपते?

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

दोन महिन्यांनी. लिंबू परत येईपर्यंत भरावेच लागेल.

हिशेबी_माणूस

मग तोवर एक काम करा. तुमच्या कार्डावर एक पाहुणा मोफत आहे, असे पहिल्याच प्रतिसादात तुम्ही लिहिले होते. ती नदी पाहायला मी येतो. वेळ आधी राखून ठेवावी लागते का, तेवढे पत्रकात वाचून कळवा.